उसाच्या फडात पिल्लं सापडली तर: घरी न्यायच्या आधी

बांधावरचा (चिकोडी)

कारखाने सुरू झाले, टोळ्या उतरल्या, की महिन्याभरात तोच फोटो फिरायला लागतो. घमेल्यात तीन-चार पिल्लं, बाजूला दुधाची वाटी आणि खाली मजकूर: 'बिबट्याची पिल्लं सापडलीत, आई नाही, काय करू?' दर वेळी तीच उत्तरं टाइप करण्यापेक्षा हंगामाच्या तोंडावर एकदाच नीट लिहून ठेवू. ज्याला ज्यातलं कळतं त्यानं ते सांगावं. 'आमच्याकडं एकदा काय झालं' ह्याच्यासाठी दुसरे धागे आहेत.

आधी मुद्द्याचं. अशा फोटोंतली बहुतेक पिल्लं बिबट्याची नसतात आणि पोरकीही नसतात. ती असतात रानमांजराची, आणि आई शेजारच्या फडात दडून अंधार पडायची वाट बघत असते. आपण त्यांना घरी नेतो तेव्हा ती पोरकी होतात.

रानमांजराला ऊस म्हणजे घरच. उंदीर भरपूर, पाणी जवळ, आणि वर्षभर कोणी आत शिरत नाही. वीण बरीचशी डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमकी तोडीच्या दिवसांत. मादी पाचटाच्या गादीत पिल्लं ठेवून शिकारीला जाते. कोयत्याचा आवाज जवळ आला की ती पळते, पिल्लं तिथंच राहतात. डोळे साधारण १० ते १३ दिवसांनी उघडतात, तोवर ती लांब जाऊ शकत नाहीत.

ओळख अशी. रानमांजराचं पिल्लू घरच्या मांजराच्या पिल्लाएवढं, राखी-तपकिरी, अंगावर पुसट काळे पट्टे, शेपूट अंगाच्या मानानं आखूड आणि टोकाकडं काळ्या कड्या. वाघाटी म्हणजे रानमांजराहून लहान रानटी मांजर; तिचं पिल्लू आणखी बारीक, तळहातावर मावतं, पाठीवर ठिपक्यांच्या ओळी. उदमांजराचं, म्हणजे कांडेचोराचं, तोंड निमुळतं आणि शेपूट लांब. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं, पंजे जाडजूड, अंगभर दाट काळे ठिपके, शेपूट लांब. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या बाजूला बिबट्या दिसला, तेव्हापासून लोकांना प्रत्येक पट्टेवालं मांजर बिबट्याच वाटतं. तरी शंका असेल तर बिबट्या धरूनच चाला: सगळी माणसं बाहेर, फोन वनखात्याला. पिल्लाजवळ बिबट्याची मादी असते आणि ती मांजरासारखी पळून जाईलच असं नाही.

पुढचं सगळं रानमांजर आणि वाघाटी यांच्याबद्दल.

मुकादम_तात्या

लिहिलंय ते बरोबर हाय, खरं फडात उभं राहून बगा. ट्रॅक्टर उभा, ड्रायवर बोंबलायलाय, चिठ्ठी आजची. टोळीला टनावर पैसे. पिल्लं दिसली म्हणून तोड थांबवा म्हटलं तर कोण थांबवतंय? टोळीतल्या बायका पोरं दयेनंच उचलून आणतात बिचारी. त्यांना काय सांगायचं ते सांगा, कायदा नको.

बांधावरचा (चिकोडी)

तात्या, अख्खी तोड थांबवायची गरजच नाही. पिल्लं ज्या सरीत आहेत तिच्याभोवती दोन गुंठे ऊस उभा ठेवायचा. एकराला चाळीस टन धरले तर गुंठ्याला एक टन पडतो, म्हणजे मागं राहिले दोन टन. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या शेवटच्या खेपेत जातात. ड्रायव्हरला हा हिशोब सांगितला की तो बोंबलायचा थांबतो. आणि फड दोन दिवसांत संपणार नसेल तर तेवढंही नुकसान नाही, फक्त तोडायचा क्रम बदलायचा.

क्रमाचं म्हणाल तर तोड एका बाजूनं सुरू करून ओढ्याकडं, माळाकडं किंवा शेजारच्या उभ्या उसाकडं सरकत न्यायची. चारी बाजूंनी आत आलात तर मधल्या तुकड्यात सगळी जनावरं कोंडतात आणि शेवटच्या तासाला कोयत्याखाली सापडतात. पाचट पेटवतानाही तेच: एक बाजू मोकळी हवी. चारी कडा पेटवून मधे आग जाऊ दिली तर पिल्लंच काय, ससे, साळिंदर, घोरपड, काही सुटत नाही. (मुळात पाचट जाळूच नये, कुजवावं, पण तो वाद दुसऱ्या धाग्यावर चालूच आहे.)

हार्वेस्टर असेल तर माणसापेक्षा धोका जास्त, कारण ड्रायव्हरला केबिनमधून जमिनीवरचं दिसत नाही. मशीन लावायच्या आधी दोन माणसांनी काठीनं पाचट ठोकत चार-चार सऱ्या सोडून चालून जायचं. मोठी जनावरं आपोआप निघतात. पिल्लं बारीक आवाजात ओरडतात, ती सरी खुणेला वाढं (उसाचा शेंडा) बांधून ठेवायची.

मुकादम_तात्या

दोन टनाचा हिशोब पटला. बरं, ऊस ठेवला उभा. पुढं? पोरं तर उचलून मोकळी झालेली असतात.

बांधावरचा (चिकोडी)

उचलली असली तरी हरकत नाही, परत तिथंच ठेवायची. 'माणसाचा वास लागला की आई घेत नाही' हे खोटं. मादी वासानं पिल्लं टाकत नाही. ती येत नाही ती गर्दीमुळं, कुत्र्यामुळं आणि बॅटरीच्या उजेडामुळं. तरी हाताळणी कमीत कमी करावी, हातमोजे नसतील तर स्वच्छ फडक्यानं धरावं. ते वासासाठी नाही, चावू नये आणि रोग लागू नये म्हणून.

द्राक्षाचं किंवा टोमॅटोचं प्लास्टिक कॅरेट घ्या, सगळीकडं मिळतं. उंची साधारण एक फूट: डोळे न उघडलेलं पिल्लू बाहेर रांगू शकत नाही, आणि मादी आत तोंड घालून मान धरून सहज उचलते. वर झाकण नको, जाळी नको. तळाला त्याच जागेचं पाचट घाला. युरियाचं पोतं अंथरू नका, त्याच्या वासानं पिल्लांचे डोळे-नाक चुरचुरतात, आणि औषधाच्या रिकाम्या पिशव्या तर जवळपासही नकोत. कॅरेट ठेवायची जागा सापडली तीच. तिथला ऊस आधीच तुटला असेल तर दहा-पंधरा पावलांत, उभ्या उसाच्या कडेला, सावलीत. ठेवण्याआधी जमिनीवर मुंग्यांचं वारूळ नाही ना ते बघा. हे लोक विसरतात आणि तांबड्या मुंग्या तासाभरात डोळे-नाकाला लागतात. वारूळ असेल तर कॅरेट हलवा, पावडर टाकू नका.

संध्याकाळी पाचनंतर सगळ्यांनी निघून जायचं, निदान शंभर मीटर लांब. खोपटी जवळ असतील तर त्या रात्री तिकडचं कुत्रं बांधून ठेवा. बॅटरी मारून दर तासाला बघायला जाऊ नका, मादी येता येता मागं फिरते. आली की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे: कॅरेटच्या चारी बाजूंना चुलीतली चाळलेली राख हातभर रुंद पसरा. सकाळी ठसे वाचता येतात. मांजराच्या जातीच्या ठशात चार बोटं आणि गादी असते, नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या ठशात नखं दिसतात. रानमांजराचा ठसा घरच्या मांजरापेक्षा थोडा मोठा. सात-आठ सेंटिमीटरचा पंजा दिसला तर ते रानमांजर नव्हे, तेव्हा पुन्हा रात्री कॅरेट ठेवायचा बेत रद्द करून लगेच वनखात्याला कळवा.

मादी पिल्लं एकेक करून नेते, मधे तास-दीड तास जाऊ शकतो. रात्री अकराला तीनातलं एक कमी दिसलं म्हणून 'उरलेली टाकून गेली' असं समजून घरी आणू नका. पहिल्या रात्री नाही आली तर दुसरी रात्र द्यायची. मधला दिवस पिल्लं कुठं आणि कशी ठेवायची ते डॉक्टरांनी लिहावं.

गोठ्यातला_डॉक्टर (हुक्केरी)

कॅरेटबद्दल एक भर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे पारा तेरा-चौदावर येतो. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. तेव्हा एक लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरून, जुन्या कापडात दोन-तीन वेढे गुंडाळून कॅरेटच्या एका टोकाला ठेवा. दुसरं टोक गार राहू द्या म्हणजे पिल्लू नको असेल तर सरकेल. उघडी बाटली ठेवली तर पोटाची कातडी भाजते.

आता मधला दिवस. क्रम पाठ करा: आधी ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम चुकला की जगणारं पिल्लूही जातं. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध घातलं तर आतडी हलत नाहीत, दूध तिथंच आंबतं, पोट फुगतं आणि संध्याकाळपर्यंत खेळ संपतो. लोकांना वाटतं भुकेनं मेलं. लहान मुलांचा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात अर्धा सेंटिमीटर, तेल लावून. ९५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर दुधाचं नाव काढायचं नाही. खोक्याच्या अर्ध्या भागावर ४० वॉटचा पिवळा बल्ब, दीड-दोन फुटांवर, आणि हळूहळू तासा-दोन तासांत उबेला आणायचं. एलईडी बल्बनं ऊब येत नाही, हेही सांगावं लागतं. ड्रायरनं किंवा चुलीजवळ धरून झटकन गरम करू नका.

मग पाणी. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये. अर्ध्या ग्लासात अख्खी पुडी कालवली तर मीठ जास्त होऊन उलट नुकसान. कोमट करून, सुई काढलेल्या २ मिलीच्या सिरिंजनं, थेंब थेंब, ओठाच्या कडेनं.

तोंड कसं धरायचं ते लक्षात ठेवा: पिल्लू पोटावर, जसं आईच्या अंगाशी पितं तसं, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजू नका. उताणं पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं, दोन दिवसांनी छाती घरघरते आणि मग उपाय फारसा उरत नाही. पाजताना नाकातून दूध आलं तर ताबडतोब थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा, आणि पुढची पाजणी उशिरा.

शेतकरी_बंधू

एवढं सगळं कशाला डॉक्टर? गायीचं दूध पाणी घालून पाजतात की लोक. जगतात पिल्लं.

गोठ्यातला_डॉक्टर (हुक्केरी)

जगतात त्यांची गोष्ट सांगितली जाते, मेलेली उकिरड्यात जातात. गायीच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के, मांजराच्या दुधात त्याच्या दुप्पट किंवा जास्त. त्यात तुम्ही पाणी घालता, म्हणजे आणखी अर्धं. पिल्लू पोटभर पितं आणि उपाशी राहतं. वर गायीच्या दुधातली साखर त्यांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि दीडशे ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाब पुरतात.

मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर बेळगाव शहरात पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. डब्यावरच्या मापानं कालवा, घट्ट करू नका. रात्री काहीच मिळत नसेल तर एका रात्रीपुरतं शेळीचं दूध चालेल, पाणी न घालता, कोमट. त्याच्यावर वाढवायचं नाही. साखर, मध, ग्लुकोज बिस्किटं, माणसाच्या बाळाची पावडर, काहीही नको.

माप: एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिली, त्याहून जास्त पोटात मावत नाही. दिवसभरात १०० ग्रॅमला साधारण २० मिली. म्हणजे दीडशे ग्रॅमचं पिल्लू असेल तर दिवसाला ३० मिली, ५ मिलीच्या सहा पाजण्या. आठवड्याच्या आतलं असेल तर दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, दोन आठवड्यांचं झालं की चार तासांनी. भूक लागली म्हणून ओरडतंय असं समजून दहा मिली ढकलू नका. किचनचा ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि रोज एकाच वेळी वजन लिहा. वजन थांबलं किंवा उतरलं की त्याच दिवशी काहीतरी चुकतंय, चार दिवस वाट बघायची नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी चुकते. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपोआप शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. प्रत्येक पाजणीच्या आधी आणि नंतर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसानं शेपटीखाली हलकं पुसत राहायचं, अर्धा-एक मिनिट. हे केलं नाही तर मूत्राशय फुगून पिल्लू दगावतं, आणि घरचे म्हणतात, 'दूध तर पीत होतं की!'

बांधावरचा (चिकोडी)

डॉक्टर, एका ठिकाणी माझं वेगळं मत. संध्याकाळी कॅरेटमध्ये ठेवायचं असेल तर दुपारनंतर पाजूच नये. पोटभर प्यालेलं पिल्लू झोपतं, आवाज करत नाही. मादी आवाजावरच जागा शोधते. उपाशी पिल्लू ओरडतं, ती येते.

गोठ्यातला_डॉक्टर (हुक्केरी)

ओरडायला ताकद लागते हो. पाण्यानं सुकलेलं पिल्लू कुईसुद्धा करत नाही. तोड चालू करताना दहा वाजता आई पळाली असेल तर संध्याकाळपर्यंत आठ तास झाले. मधला मार्ग असा: कातडीची चिमटी सपाट होत असेल आणि अंग उबदार असेल तर तुमचं म्हणणं मान्य, काही देऊ नका. चिमटी उभी राहत असेल तर चारच्या सुमारास २-३ मिली ओआरएस द्या, दूध नको. पाण्यानं तरतरी येते, पोट भरत नाही, म्हणजे ओरडतंही.

बांधावरचा (चिकोडी)

हे पटलं. मूळ लेखात तसं बदलतो.

वकिलीणबाई

तात्या म्हणाले कायदा नको, पण थोडा लागेल, कारण दयेपोटी अडकणारी माणसंच जास्त आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३९: वन्य प्राणी सरकारची मालमत्ता. कुठल्याही कारणानं तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे जखमी पिल्लू उचललं हा गुन्हा होत नाही, उचलून गप्प बसलं की होतो. कळवल्याची वेळ लिहून ठेवा, फोन केला असेल तर कॉलचा स्क्रीनशॉट जपा. सर्वसाधारण गुन्ह्यालाही कैद तीन वर्षांपर्यंत आहेच, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत गेलाय. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर किमान तीन वर्षं कैद. बिबट्या त्याच यादीत येतो.

स्टेटसला व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांना हे सांगा. 'आमचा टायगर' म्हणून महिनाभर रोज टाकलेले व्हिडिओ म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध तारीखवार गोळा केलेला पुरावा.

सीमाभागातली खास चूक वेगळीच आहे. इकडं कर्नाटकात निपाणी, हुक्केरी, अथणीकडं पिल्लू सापडतं आणि माणसं ते कोल्हापूर किंवा सांगलीकडच्या ओळखीच्याकडं घेऊन जातात, भाषा सोपी पडते म्हणून. परवान्याशिवाय वन्य प्राण्याची राज्याबाहेर वाहतूक हा स्वतंत्र गुन्हा. पिल्लू जिथं सापडलं त्या राज्याचं वनखातं. शेत तुमचं हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडं की पलीकडं, हे सातबाऱ्यावरून किंवा पहाणी पत्रकावरून (कर्नाटकातल्या उताऱ्यावरून) ठरतं, मनानं नव्हे. सुदैवानं १९२६ ही वनखात्याची मदतवाहिनी कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. रात्री कोणी उचलत नसेल तर ११२.

जांबोटी_रस्ता

खानापूरकडचं थोडं. इकडं ऊस कमी, जंगल जास्त, भीमगड अभयारण्य उशाला. त्यामुळं पिल्लंही वेगळी.

भेकराचं किंवा चितळाचं पाडस गवतात गप्प पडलेलं दिसलं तर ते हरवलेलं नसतं. आई मुद्दाम तसं ठेवून चरायला जाते आणि दिवसातून दोन-चारदाच पाजायला येते. पाडसाला वास कमी असतो, न हलणं हाच त्याचा बचाव. आसपास मेलेली मादी नसेल आणि पाडसाला जखम, माश्यांची अंडी किंवा सतत ओरडणं नसेल तर हात लावू नका. सशाचं तर आणखी सोपं: पिल्लं जन्मतः केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आई रात्री काही मिनिटं पाजून जाते, दिवसभर फिरकतही नाही. भाताच्या बांधावर एकटं दिसलेलं सशाचं पिल्लू बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

वानराचं प्रकरण निराळं. गोव्याच्या रस्त्यावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ७४८ वर, किंवा तारेला चिकटून मादी मरते आणि पिल्लू तिच्या छातीला तसंच चिकटून राहतं. हे खरं पोरकं. पण वानरांच्या टोळीत दुसऱ्या माद्या पिल्लं सांभाळतात, म्हणून टोळी अजून आसपास असेल तर पिल्लू टोपलीत टॉवेलसह झाडाखाली ठेवून लांब उभं राहावं, तास-दोन तास. टॉवेल हवाच, त्याला पकडायला काहीतरी लागतं, नाहीतर घाबरून थरथरत राहतं. हे वनखात्याच्या माणसासमोर करणं उत्तम.

आणि मेलेल्या वानराला किंवा माकडाला उघड्या हातानं कोणीही उचलायचं नाही. माकडताप. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार, २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात किती पसरला ते सगळ्यांना ठाऊक आहे. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आजूबाजूच्या पाल्यात राहतात. नोव्हेंबर ते मे हा धोक्याचा काळ. ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवा, जागा दाखवा, जवळ जाऊ नका. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांनी तर हे कोरून ठेवावं.

शेतकरी_बंधू

बरं, दोन रात्री झाल्या, आई आली नाही. वनखात्याचा माणूस म्हणतो उद्या येतो. घरातच ठेवायची वेळ आली तर पोरांना खेळू द्यावं का? सवय होते माणसाची, शांत राहतात.

गोठ्यातला_डॉक्टर (हुक्केरी)

शांत राहतात तीच तर पंचाईत. माणसाच्या हाताला सवकलेलं रानमांजर पुढं माणसाला भीत नाही, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी येतं आणि काठीखाली मरतं. तो एक दिवस असा काढा: घरातल्या एकाच माणसानं पाजायचं, न बोलता. खोकं अंधाऱ्या खोलीत, वर जाड कापड. मुलांना दारातूनसुद्धा दाखवू नका.

घरात मांजर असेल तर त्या खोलीत तिला मुळीच सोडू नका. घरच्या मांजरांकडून पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणू जातो, तीन दिवसांत जुलाब-उलट्यांनी पिल्लं संपतात. तो हातावरून, कपड्यावरून, चपलेवरूनही जातो. फरशी आणि भांडी साध्या ब्लीचनं पुसा, लिटरभर पाण्यात ३० मिली, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं. फिनाईल मांजराच्या जातीला विषारी, तेव्हा ते त्या खोलीत नको.

चावलं किंवा नख लागलं, रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रक्त निघालेली जखम तिसऱ्या श्रेणीत धरतात, म्हणजे रेबीजच्या लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. लस कातडीत देत असतील तर ०, ३, ७, २८ दिवस, दंडात देत असतील तर ०, ३, ७, १४, २८. 'बारीक पिल्लूच तर आहे' म्हणून अंगावर काढू नका.

भाजलेलं पिल्लू असेल तर पायाला टूथपेस्ट किंवा शाई फासू नका. ओल्या स्वच्छ फडक्यात फक्त पाय, बाकी अंग उबेला, आणि थेट पशुवैद्यक.

मुकादम_तात्या

ही सगळी माहिती झकास झाली. खरं फोन लावल्यावर वनखात्याच्या रेंज ऑफिसातला माणूस कन्नडात बोलतोय. टोळी बीडकडची, त्यांना मराठीबी आपली कळत न्हाई नीट. दोन वाक्यं लिहून द्या कोणीतरी, मोबाईलात ठेवतो.

मलप्रभेकाठची

तात्या, हे घ्या, देवनागरीत. 'नम्म कब्बिन होलदाग काडबेक्किन मरि सिक्काव.' म्हणजे आमच्या उसाच्या शेतात रानमांजराची पिल्लं सापडलीत. पुढं गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर सांगायचा. बिबट्या वाटत असेल तर काडबेक्किनच्या जागी 'चिरते' म्हणा, मग ते लगेच निघतात, पण खात्री नसताना म्हणू नका, एकदा फसले की पुढच्या वेळी येत नाहीत.

तिकडून पहिला प्रश्न येणार, 'तायि नोडीरेनु?' आई पाहिलीत का. पाहिली नसेल तर 'इल्ल'.

जांबोटी_रस्ता

बारीक दुरुस्ती. 'सिक्काव' अनेक असली तर. एकच पिल्लू असेल तर 'सिक्कैति'. आणि किती आहेत तो आकडा आधी सांगा: ओंदु, एरडु, मूरु, नाक्कु. पिंजरा किती मोठा आणायचा ते त्यावर ठरतं.

मुकादम_तात्या

लिहून घेतलं. उद्या टोळीच्या कॅरेटात राख भरून ठेवतो एक डबा.